पुन्हा चालू कसं करायचं?

ठाण्यात हल्ली चार ज्येष्ठ नागरिक आणि एक डॉक्टर एकत्र आले की एका इंजेक्शनचा विषय निघतो. कोलेस्टेरॉलसाठी, पोटाच्या कातडीखाली, एकदा बसवलं की वर्षातून दोनदाच. नाव इन्क्लिसिरन. विषय निघाला की लगेच दोन तट पडतात. एका तटाला हा जनुकांशी चाललेला खेळ वाटतो. आज कोलेस्टेरॉलचं जनुक बंद केलं, उद्या आणखी कसलं करतील, आणि नातवंडांपर्यंत काय पोचेल कोण जाणे. दुसऱ्या तटाला वाटतं की गोळ्यांचा डबा आता कायमचा माळ्यावर टाकायचा. दोघांचाही आवाज मोठा आणि दोघांकडेही मोबाइलवर आलेला एकेक व्हिडिओ.

नौपाड्यातल्या एका ज्येष्ठ नागरिक संघात यावर व्याख्यान होतं. प्रश्नोत्तरांत मागच्या रांगेतले एक आजोबा उठले आणि म्हणाले, "डॉक्टरसाहेब, बंद करता ते ठीक आहे. पण पुन्हा चालू कसं करायचं?" सभागृहात हशा पिकला. वक्ते म्हणाले, "काका, चालू करायचंच कशाला?" आणि त्यांनी पुढची चिठ्ठी उघडली. त्या संध्याकाळी विचारला गेलेला एकमेव कामाचा प्रश्न असा हशावारी गेला.

माझं म्हणणं आधीच सांगून टाकतो. इन्क्लिसिरन ज्यावर चालतं त्या आरएनए इंटरफेरन्सच्या, म्हणजे आरएनएच्या तुकड्याने जनुक गप्प करण्याच्या तंत्राच्या, बाजूने किंवा विरोधात दंड थोपटण्यात काही हशील नाही. या तंत्राने काय साधेल आणि काय बिघडेल, हे कोणतं जनुक गप्प केलं यावर ठरतं. म्हणून प्रत्येक औषधाचा निवाडा वेगळा करावा लागतो. डीएनए बदलेल ही भीती निराधार आहे. घाबरायचंच असेल तर दोन गोष्टींना घाबरावं. एक, टोचलेला डोस परत काढता येत नाही. दुसरी, किंमत. या दोन्हींबद्दल आपल्याकडे कोणी चकार शब्द काढत नाही, कारण जनुकाचं नाव निघाल्यावर वाद घालायला दुसरं काही लागतच नाही.

हे तंत्र कुणा कंपनीच्या सुपीक डोक्यातून निघालेलं नाही. १९९० च्या सुमारास अमेरिकेत रिचर्ड जॉर्गेन्सन आणि कॅरोलिन नेपोली पिटुनियाच्या फुलांचा जांभळा रंग अधिक गडद करू पाहत होते. रंग बनवणाऱ्या जनुकाची एक जादा प्रत त्यांनी रोपात घातली. फुलं उमलली ती पांढरी, काही पांढऱ्या-जांभळ्या पट्ट्यांची. जादा जनुक तर गप्प होतंच, रोपाचं स्वतःचंही गप्प झालं होतं. असं का, हे बरीच वर्षं नीट कळेना. १९९८ साली अँड्र्यू फायर आणि क्रेग मेलो यांनी मिलिमीटरभर लांबीच्या एका कृमीवर प्रयोग करून कोडं सोडवलं. आरएनएचा एकेरी धागा टोचला तर जवळपास काहीच होत नाही. दुपदरी टोचला की नेमकं त्याच क्रमाचं जनुक बंद पडतं, आणि तेही पेशीमागे मोजक्याच रेणूंवर. २००६ साली दोघांना नोबेल मिळालं. निव्वळ कृमीवर काम करणाऱ्यांच्या वाट्याला वैद्यकाचं नोबेल इतक्या लवकर येणं ही काही रोजची गोष्ट नव्हे.

पेशीत दुपदरी आरएनए दिसला की तो बहुधा विषाणूचा असतो, म्हणून पेशी त्याचा बंदोबस्त करतात. डायसर नावाचं विकर त्याचे २१ ते २३ अक्षरांचे तुकडे करतं. त्यातला एक पदर आर्गोनॉट नावाच्या प्रथिनात जाऊन बसतो आणि आपल्याशी जुळणारा संदेशवाहक आरएनए (प्रथिन बनवण्यासाठी काढलेली जनुकाची नक्कल) शोधत राहतो. जुळला की आर्गोनॉट तो कापतं. संदेश कापला गेला की त्यावरून बनणारं प्रथिन बनत नाही. एक तुकडा असे कित्येक संदेश एकामागून एक कापू शकतो, म्हणूनही एका डोसाचा परिणाम महिनोन्‌महिने टिकतो. हे सगळं पेशीकेंद्राबाहेर चालतं, डीएनए मात्र आत केंद्रात असतो. जमिनीचं मूळ दप्तर सरकारकडे असतं आणि आपण हातात घेऊन फिरतो तो सातबाऱ्याचा उतारा. उतारे फाडल्याने दप्तरातली नोंद बदलत नाही. फाडणारा थांबला की नवे उतारे निघू लागतात. नातवंडांपर्यंत काही पोचायचं तर दप्तरात खाडाखोड व्हायला हवी, आणि ती इथे होतच नाही.

शिवाय आपल्या पेशी स्वतःची कितीतरी जनुकं याच यंत्रणेने रोज आवरत असतात. अर्थात "निसर्गातलंच आहे, म्हणून निर्धोक आहे" हा दुसऱ्या तटाचा युक्तिवादही मला मान्य नाही. धोतऱ्याचं बीसुद्धा निसर्गातलंच आहे.

विरोधकांच्या पारड्यात खरोखर वजनदार असं काय पडतं? पुष्कळ काही, आणि ते व्हिडिओंमध्ये सापडत नाही. पहिलं, अचूकता. २१ अक्षरं पूर्ण जुळली तर नेमका संदेश कापला जातो, हे खरं. पण तुकड्याच्या सुरुवातीची सहा-सात अक्षरं इतर कुणाशी जुळली तरी तो संदेशही थोडाफार दबतो. आणि सहा-सात अक्षरं जुळायला फार नशीब लागत नाही. दुसरं, शरीराचा गैरसमज. दुपदरी आरएनए म्हणजे विषाणू असं धरून चालणारी राखणदार प्रथिनं आपल्यातही आहेत. डोळ्यांतल्या रक्तवाहिन्यांच्या विकारावरची या जातीची औषधं चाचण्यांत असताना, २००८ साली प्राण्यांवरच्या प्रयोगांतून दिसलं की परिणाम नेमकं जनुक गप्प झाल्याने होत नव्हता. आरएनएचा क्रम कोणताही असला तरी ही राखणदार प्रथिनं जागी होत होती आणि दिसणारा गुण त्यांच्यामुळे होता. म्हणजे औषध चाललं असतं तरी ते सांगितलेल्या कारणाने चाललं नसतं. आयुष्याची बरीच वर्षं रबाळ्याच्या एमआयडीसीत गुणवत्ता विभागात काढलेल्या माझ्यासारख्याला हे अपयशापेक्षाही धोकादायक वाटतं. अपयशी बॅच बाजूला काढता येते. चुकीच्या कारणाने पास झालेली बॅच बाजारात जाते.

तिसरं सगळ्यांत जड. रेव्ह्युसिरन नावाच्या, याच जातीच्या औषधाची चाचणी ऑक्टोबर २०१६ मध्ये मध्येच थांबवावी लागली. औषध घेणाऱ्या १४० जणांपैकी १८ दगावले होते, तुलनेसाठी नुसतं दिखाऊ औषध घेणाऱ्या ६६ पैकी २. हे रुग्ण मुळातच हृदयाच्या गंभीर विकाराचे होते आणि कारणाचा निर्विवाद उलगडा झाला नाही. पण हे आकडे कोणाला हसण्यावारी नेता येणार नाहीत. बाजारानेही या तंत्राला मधल्या काळात असंच झिडकारलं होतं. मर्क या औषध कंपनीने २००६ मध्ये ११० कोटी डॉलर मोजून विकत घेतलेली, याच तंत्रावर काम करणारी सिर्ना ही कंपनी २०१४ मध्ये साडेसतरा कोटींना विकून टाकली. तेव्हा "हे नवीन आहे, जपून" म्हणणाऱ्याला मी अडाणी म्हणणार नाही. तो त्या व्याख्यात्यापेक्षा शहाणा आहे.

मग मी या औषधांच्या बाजूने का? कारण वरच्या बहुतेक आक्षेपांना उत्तर शोधलं गेलं, आणि ते वादातून नव्हे, रसायनशास्त्रातून आलं. २००१ मध्ये थॉमस टुश्ल यांच्या गटाने दाखवलं की लांब दुपदरी धाग्याऐवजी २१ अक्षरांचाच तुकडा दिला तर माणसाच्या पेशी बिथरत नाहीत. पुढे प्रत्येक अक्षरात जो साखरेचा घटक असतो त्यात छोटे बदल करून तुकडा टिकाऊ केला, राखणदारांच्या नजरेआड ठेवला. मग त्याला गॅलनॅक नावाच्या साखरेची शेपटी जोडली. यकृताच्या पेशींवर ही साखर ओळखून आत ओढणारी प्रथिनं असतात, त्यामुळे औषध बाकीच्या शरीरात भटकण्याऐवजी बव्हंशी यकृतात जातं. ऑगस्ट २०१८ मध्ये पॅटिसिरन हे या जातीचं पहिलं औषध अमेरिकेत मंजूर झालं, नसा आणि हृदय हळूहळू निकामी करणाऱ्या एका आनुवंशिक आजारावर (तेव्हा शेपटीऐवजी मेदाच्या सूक्ष्म थेंबांत घालून). २०१९ मध्ये पोर्फिरिया या दुर्मिळ आनुवंशिक आजारावर गिव्होसिरन आलं. २०२० मध्ये लुमासिरन. ज्या मुलांच्या मूत्रपिंडांत जन्मजात दोषामुळे ऑक्झलेटचे खडे साचत राहतात आणि ज्यांच्यापुढे शेवटी यकृत बदलण्यावाचून गत नसायची, त्यांच्यासाठी हे इंजेक्शन आहे. या मुलांच्या आईवडिलांसमोर "निसर्गात ढवळाढवळ नको" हे वाक्य कोण म्हणून दाखवील?

भीती नेमक्या चुकीच्या जागी बसते, याचा दाखला आपल्या शेजारीच सुरू झालेला आहे. १८९६ मध्ये मुंबईत प्लेग आला, वाल्डेमार हाफकिन यांनी लस बनवली आणि १० जानेवारी १८९७ रोजी ती आधी स्वतःला टोचून घेतली. लशीबद्दल गावोगाव नाना अफवा होत्या. त्यातली एकही खरी ठरली नाही. पण १९०२ मध्ये पंजाबातल्या मुल्कोवालला लस घेतलेले १९ जण धनुर्वाताने मेले. एकाच कुपीतून टोचलेले होते सगळे. कुपी क्रमांक ५३ एन. दोष लशीत नव्हता, कुपीचं बूच उघडताना शिरलेल्या जंतूत होता, असं पुढे मानलं गेलं आणि ठपका बसलेले हाफकिन १९०७ मध्ये निर्दोष ठरले. अफवा लशीच्या मूळ कल्पनेभोवती घोंघावत होत्या. माणसं मेली ती बुचाच्या हाताळणीने. त्या काळी कुणी बुचाबद्दल विचारलं असतं तर त्यालाही हसलेच असते बहुतेक.

आता आजोबांचा प्रश्न. पुन्हा चालू कसं करायचं? खरं उत्तर असं की आपण करू शकत नाही, वाट पाहावी लागते. तुकडे झिजतील, परिणाम ओसरेल, जनुक आपोआप पूर्ववत चालू लागेल. त्याला महिने लागतात. हे परवडतं की नाही, ते जनुकावर अवलंबून. इन्क्लिसिरन यकृतातलं पीसीएसके-९ हे जनुक गप्प करतं. या जनुकावरून बनणारं प्रथिन यकृतावरचे एलडीएल, म्हणजे वाईट कोलेस्टेरॉल, टिपणारे ग्राहक (रिसेप्टर) नष्ट करतं. हे प्रथिन कमी झालं की ग्राहक वाढतात आणि रक्तातलं एलडीएल साधारण निम्म्यावर येतं. या जनुकाच्या बाबतीत निसर्गाने आपल्या आधीच चाचणी घेऊन ठेवली आहे. ज्यांचं हे जनुक जन्मतःच अर्धवट बंद आहे अशा कृष्णवर्णीय अमेरिकनांचा अभ्यास २००६ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यांचं एलडीएल इतरांपेक्षा २८ टक्के कमी होतं आणि हृदयविकाराचं प्रमाण तब्बल ८८ टक्के कमी. जनुकाच्या दोन्ही प्रती बंद असलेली एक धडधाकट स्त्रीही सापडली. तिचं एलडीएल होतं अवघं १४ मिलिग्रॅम. इथे सहा महिने जनुक बंद राहिलं तर घाबरण्याजोगं फारसं काही दिसत नाही. वक्त्यांचं "चालू करायचंच कशाला" हे या एका जनुकापुरतं बरोबर होतं, पण त्यांनी कारण दिलं नाही आणि मर्यादाही सांगितली नाही.

कारण हेच तंत्र रक्तदाबासाठीही येऊ घातलं आहे. झिलेबेसिरन हे औषध चाचण्यांमध्ये आहे. ते यकृतातलं अँजिओटेन्सिनोजेन बनवणारं जनुक गप्प करतं आणि एका डोसाचा परिणाम सहा महिन्यांपर्यंत दिसतो. आता जुलै महिना डोळ्यांसमोर आणा. पाणी तुंबलंय, घरोघरी जुलाब-उलट्या, कुठे लेप्टो, कुठे डेंगी. रक्तदाबाची गोळी घेणारा माणूस जुलाबांनी गळून गेला, दाब ९० वर आला, की आपले फॅमिली डॉक्टर पहिलं वाक्य काय म्हणतात? "गोळी दोन दिवस बंद ठेवा." सहा महिन्यांचं इंजेक्शन दोन दिवस बंद ठेवता येत नाही. अँजिओटेन्सिनोजेन ही नेमकी अशा वेळी दाब सावरून धरणारी साखळी, तिची पहिलीच कडी. गप्प केलेलं जनुक लगेच मोकळं करणारे, विषावर असतात तसे उतारेही (अँटिडोट) प्रयोगशाळेत बनवून पाहिले गेलेत. माझं मत विचाराल तर दाबाच्या इंजेक्शनाला मंजुरी देताना उतारा कुठे आहे, हा पहिला प्रश्न असावा. तंत्र एकच, पण एका जनुकाला मी हो म्हणतो आणि दुसऱ्याला थांबा. तट पाडणाऱ्यांना ही सोय नसते.

दुसऱ्या तटाचंही थोडं. गोळ्यांचा डबा माळ्यावर जाणार नाही. स्टॅटिन या कोलेस्टेरॉलच्या नेहमीच्या गोळीने हृदयविकार टळतात हे दशकांच्या चाचण्यांतून सिद्ध आहे, आणि गोळी पाच-दहा रुपयांना मिळते. इन्क्लिसिरनला मंजुरी मिळाली ती एलडीएल कमी होतं एवढ्यावर. झटके किती टळतात, हा पुरावा तेव्हा हातात नव्हता; इंग्लंडमधल्या फॅमिली डॉक्टरांच्या संघटनांनी नेमकं यावरच बोट ठेवलं होतं. त्यामुळे ज्याचं स्टॅटिनवर भागतंय त्याने इंजेक्शनमागे धावायचं कारण नाही. भागत नाही अशांचं काय, हा खरा मुद्दा. आणि भागत नाही म्हणजे प्रत्येक वेळी गोळी निकामी असते असंही नाही. आमच्या मजल्यावरच्या काकांच्या टीव्हीखालच्या खणात मी गोळ्यांच्या पट्ट्या पाहिल्यात: एकीत चार फोडलेल्या, एकीत सहा, एक अख्खी, तारीख उलटून गेलेली. रिपोर्ट नॉर्मल आला की काका गोळी बंद करतात, मग बिघडला की पुन्हा सुरू. काकू म्हणतात, "ह्यांना विचारलं की घेतली म्हणतात." बायपास झालेल्या अशा माणसासाठी वर्षातून दोनदा नर्सने टोचलेलं इंजेक्शन ही चैन नव्हे.

आणि हे तंत्र सगळ्या रोगांवर चालत नाही, हेही स्पष्ट म्हणायला हवं. मंजूर झालेली औषधं जवळजवळ सगळी यकृतापाशी थांबतात, कारण वाहून नेणारी साखर तिथलीच. पालघर-नंदुरबारच्या आदिवासी पाड्यांत सिकलसेल आहे, तो अस्थिमज्जेत बनणाऱ्या तांबड्या रक्तपेशींचा आजार. तिथे हे इंजेक्शन पोचत नाही. पण हिपॅटायटिस बी हा विषाणू यकृतातच ठाण मांडतो, भारतात त्याचे वाहक कोट्यवधी आहेत, आणि विषाणूचे संदेश कापणारी औषधं चाचण्यांत आहेत. आपल्या देशाने या तंत्रात पैसा आणि माणसं घालायची तर आधी इथे. लठ्ठ पगारदारांच्या कोलेस्टेरॉलवर नव्हे.

किंमत. इन्क्लिसिरनचं एक इंजेक्शन आपल्याकडे लाखाच्या घरात जातं. पहिल्या वर्षी तीन, नंतर दरवर्षी दोन, आणि जन्मभर. "नवं औषध महागच असतं, संशोधनाचा खर्च कुठून काढणार?" हा युक्तिवाद मी हलका मानत नाही, मर्कने गमावलेले डॉलर वर सांगितलेच आहेत. पण महाग औषध महागच राहतं का? २००१ मध्ये सिप्लाच्या युसुफ हमीद यांनी एड्सच्या तीन औषधांचा वर्षाचा कोर्स ३५० डॉलरला देऊ केला. तोवर तो दहा हजारांच्या पुढे होता. मार्च २०१२ मध्ये आपल्या पेटंट नियंत्रकांनी नॅटको या भारतीय कंपनीला सक्तीचा परवाना (पेटंटधारकाच्या संमतीवाचून औषध बनवण्याची मुभा) दिला आणि कर्करोगावरच्या नेक्सावारचा महिन्याचा खर्च २ लाख ८० हजारांवरून ८,८८० रुपयांवर आला. "गोळीची नक्कल सोपी, हे फार गुंतागुंतीचं" असं म्हणाल तर आयआयटी मुंबई आणि टाटा मेमोरियलच्या मंडळींकडे बघा. रुग्णाच्याच जिवंत पेशींत बदल करून बनवलेली कार-टी उपचारपद्धती, २०२३ मध्ये मंजूर झालेली, अमेरिकेतल्या किमतीच्या साधारण दहाव्या हिश्श्यात देता आली. त्यापुढे इन्क्लिसिरन म्हणजे २१ आणि २३ अक्षरांचे दोन धागे, एकेक अक्षर जोडत रासायनिक क्रियेने बनवलेले. यात जिवंत पेशी नाहीत. हे अस्सल रसायनशास्त्र आहे, अवघड आहे, शुद्धीकरणात घाम निघेल. पण ठाणे-बेलापूर रस्त्यावर ज्यांनी उमेदीची वर्षं रिअ‍ॅक्टर आणि एचपीएलसी या शुद्धता तपासणाऱ्या यंत्रासमोर घालवली त्यांना "तुम्हाला जमणार नाही" हे दुसऱ्याकडून ऐकून घ्यायची गरज नाही.

पेटंट संपेपर्यंत हातावर हात धरून बसायचं का? इंग्लंडच्या आरोग्यसेवेने २०२१ मध्ये उत्पादकाशी थेट घाऊक करार केला, तीन वर्षांत तीन लाख लोकांना इंजेक्शन द्यायचं ठरवून. लोकांपर्यंत ते ठरल्यापेक्षा सावकाश पोचलं, पण सौदा सरकारने केला, रुग्णाने काउंटरवर नाही. आपल्याकडे महात्मा फुले जनआरोग्य योजना बायपासचे पैसे देते. झटका येण्याआधीच्या इंजेक्शनासाठी मात्र खिशातूनच काढा, अशी स्थिती. सौदा करायचा तर आधी हे कुणाला द्यायचं ते माहीत हवं, आणि तिथेच आपण पार ढिले आहोत. जन्मजात जास्त कोलेस्टेरॉलचा दोष जगभरात दर तीनशे माणसांत साधारण एकाला असतो, आणि आईवडिलांपैकी एकाला असला तर प्रत्येक मुलात उतरण्याची शक्यता निम्मी. २०११ च्या जनगणनेतली ठाणे शहराची १८ लाख ४० हजार लोकसंख्या धरली तरी ही माणसं सहा हजारांच्या वर जातात. त्यांची यादी कुणाकडे आहे? चाळिशीच्या आत झटका आलेला माणूस हॉस्पिटलातून घरी सोडताना त्याच्या भावंडांची आणि मुलांची लिपिड प्रोफाइल करून घ्या, एवढं कागदावर लिहून देणारेही विरळा. ती तपासणी काही शे रुपयांत होते, सापडलेल्यांतल्या बहुतेकांना स्टॅटिनच सुरू करायची असते, आणि त्यावर न भागणारे उरतील तेवढ्यांचाच सौदा सरकारला करायचा आहे.